मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन

१९८५च्या सुमारास प्रीमियर ऑटोमोबाइल्सने '११८ एनई' नावाची मोटार काढली. बॉडी इटलीच्या फियाट १२४ची आणि इंजिन जपानच्या निसानचं. 'एनई' म्हणजे निसान इंजिन. केलेला उद्योग लपवायचा तर राहिलाच, कंपनीने तो सरळ गाडीच्या नावात घातला. ही कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांच्या नावाचं गाव आहे इंदापूर तालुक्यात. कळंबच्या माळावर त्यांनी साखर कारखाना उभा केला, त्याचं वालचंदनगर झालं आणि पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रंच काय, इस्रोच्या अग्निबाणांचे भागसुद्धा घडायला लागले. तेव्हा इंदापूरकडचा एखादा बागायतदार भंगारातलं इंजिन टेम्पोत घालून घरी आणतो आणि ते आपल्या जुन्या जीपमध्ये बसवणार असल्याचं जाहीर करतो, तेव्हा घरच्यांनी लगेच कपाळाला हात लावू नये. आधी तालुक्याची परंपरा बघावी.

परंपरा तालुक्यापुरतीही नाही. भारतातल्या मोटार कंपन्यांनी वर्षानुवर्षं दुसरं केलं काय? अ‍ॅम्बॅसडरच्या म्हाताऱ्या अंगात इसुझूचं इंजिन आलं. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन आलं आणि ते बनायचं इगतपुरीला. पद्मिनीने उतारवयात एक इटालियन डिझेल इंजिन घालून बघितलं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने तर रोव्हरच्या राजबिंड्या बॉडीत जुनाट व्हॅनगार्डचं इंजिन घातलं, त्या गाडीला 'स्टँडर्ड २०००' नाव दिलं आणि काही वर्षांतच गाशा गुंडाळला. कंपनीने केलं की त्याला तांत्रिक सहकार्य म्हणतात. बारामतीत भिगवण रोडच्या गॅरेजात केलं की जुगाड. इंजिन एकाचं आणि बॉडी दुसऱ्याची हा वाद बारामतीला नवा नाही. इथे तो फक्त वाहनांपुरता घेतला आहे.

पुणे जिल्ह्याचा या गोष्टीशी संबंध आणखी एका इंजिनामुळे आहे. फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, पुंटोमध्ये तर असणारच. एकमेकींचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्या एकाच इंजिनावर चालत होत्या. ते इंजिन बनायचं शिरूर तालुक्यातल्या रांजणगावातही. म्हणजे महागणपतीच्या गावात जन्मलेलं इंजिन दहा-पंधरा वर्षं देशभर पळून, दमून, शेवटी मोरेश्वराच्या तालुक्यात पुन्हा बांधायला येतं. अष्टविनायकाची यात्रा माणसंही इतक्या निष्ठेने करत नाहीत.

असं जुनं इंजिन मिळतं कुठे? पुण्याच्या जुन्या बाजारात शोध घेणारे आहेत. मुंबईला कुर्ल्याच्या गल्ल्यांत जाऊन येणारे आहेत. पण खरा साठा हायवेच्या कडेला असतो. पुणे-सोलापूर रस्ता भिगवण आणि इंदापूर या दोन्ही गावांवरून जातो, आणि ज्या गाड्यांचा विमा कंपनी 'टोटल लॉस' म्हणून निकाल लावते त्या लिलावातून कुणाच्या ना कुणाच्या पत्र्याच्या कुंपणाआड येऊन पडतात. तिथे इंजिनाचे दोन भाव असतात. किलोवर घेतलं तर भंगार, नगावर घेतलं तर 'चालू कंडिशन'. वस्तू तीच असते. नगाच्या भावात यार्डवाल्याने सांगितलेली गोष्ट धरलेली असते.

ती गोष्टही ठरलेली आहे. "डॉक्टरची गाडी होती मालक. दवाखाना ते घर. मागून ठोकली, इंजिनाला धक्का नाही." महाराष्ट्रातल्या यार्डांतली प्रत्येक गाडी डॉक्टरची असते आणि प्रत्येक गाडी मागून ठोकलेली असते. आता मागून ठोकायला दुसरी गाडी लागतेच, आणि ती पुढून ठोकली जाणार हे ओघाने आलं. त्या पुढून ठोकलेल्या गाड्या नेमक्या कोणत्या यार्डात जातात याचा छडा अजून लागलेला नाही. क्वचित डॉक्टरच्या जागी शिक्षक येतो. उसाच्या ट्रॉलीमागे रोज कारखान्यावर पळणाऱ्या किंवा तेरा माणसं कोंबून वडाप करणाऱ्या गाडीचं इंजिन यार्डात आजवर कुणाला विकत मिळालेलं नाही.

अनुभवी मेकॅनिक या गोष्टीला मान हलवत राहतो आणि त्याचा हात दरम्यान ऑइलच्या झाकणाकडे गेलेला असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर दिसला की ऑइलमध्ये पाणी गेलंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय किंवा त्याहून वाईट काहीतरी झालंय. मग तो पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हाताने फिरवून बघतो. पूर्ण दोन फेरे कुठेही न अडकता फिरला तर चर्चा पुढे सरकते. बॅटरी लावून सेल्फ मारायची सोय असेल तर कॉम्प्रेशन गेज लावायचं. पेट्रोल इंजिनाचा काटा दीडशे पीएसआयच्या आसपास किंवा वर गेला पाहिजे, डिझेलचा त्याच्या दुपटीहून वर. आणि मुख्य म्हणजे चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. तीन भावंडं धट्टीकट्टी आणि चौथं आजारी असेल तर घर चालत नाही.

एक प्रश्न मात्र आवर्जून विचारावा लागतो: गाडी पाण्यात होती का? २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, त्याच वर्षी सप्टेंबरात कऱ्हेच्या पुराचं पाणी बारामतीतही शिरलं. अशा पुरातून निघालेल्या गाड्या पुसून-वाळवून भंगाराच्या वाटेला लागतात. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी चावी फिरवली की पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून इंजिन नवऱ्या मुलासारखं चकचकीत दिसतं. यार्डवाल्याला विचारलं तर ही गाडी उन्हाळ्यात आलेली असते.

इंजिन गॅरेजात आलं की गोष्टी सांगणाऱ्यांचं राज्य संपतं आणि मापं घेणाऱ्यांचं सुरू होतं. निदान तसं व्हायला हवं. पण आधी गर्दी जमते. चेन कप्पीला लटकलेलं इंजिन हे ग्रामीण भागातल्या मोजक्या फुकट करमणुकींपैकी एक आहे. बघ्यांत एक आयटीआय झालेला पोरगा असतो, एक मोबाइलवर सगळं बघून आलेला असतो, एक कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर असतो आणि एक असा असतो ज्याला यातलं काहीच कळत नाही. सगळ्यात जास्त सूचना त्याच्याच.

पहिला वाद 'हाफ' का 'फुल' असा. हाफ इंजिन म्हणजे वरचं काम: हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन, रिंगा. फुल इंजिन म्हणजे खाली क्रँकपर्यंत सगळं. मालक दरवेळी हाफवर राजी होतो आणि दरवेळी फुलवर जातो, कारण एकदा सम्प उघडला की बेरिंगचा तांब्याचा रंग दिसतो, आणि बेरिंगवर तांबं दिसलं म्हणजे वरचा मऊ थर झिजून गेलाय हे आता लहान पोरालाही माहीत आहे. डॉक्टरसाहेब दवाखाना ते घर व्हाया कन्याकुमारी जात असावेत, असा पहिला संशय इथे येतो.

मग ब्लॉक जातो बोअरिंगवाल्याकडे. हा या सगळ्या कारभारातला एकमेव माणूस आहे ज्याला कुणाचीही गोष्ट ऐकायची नसते. तो बोअर गेज आत सोडतो, वर मोजतो, मध्ये मोजतो, खाली मोजतो, मग काटकोनात फिरवून पुन्हा मोजतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे स्फोट होतो आणि ऑइल कमी पोचतं, तिथे जास्त झिजतो. शिवाय पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूने लंबगोल होतो. बोअरिंगवाला आकडे खडूने ब्लॉकवर लिहितो. त्या खडूच्या आकड्यांनी डॉक्टर, दवाखाना आणि घर यांचा एका झटक्यात निकाल लागतो.

मापांची भाषा हाही एक घोळ आहे. शेतकरी आणि सुतार सुतात बोलतात, मशीनवाला थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोलतो आणि कंपनीचं पुस्तक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे १२५ थाउ. "सूतभर झिजलाय काय?" असं मालक काळजीने विचारतो तेव्हा बोअरिंगवाल्याला हसू आवरत नाही. सूतभर झिजला असता तर ते इंजिन राहिलं नसतं, त्याची मुसळ-उखळी झाली असती. इथे चार-पाच थाउवर घराण्याची इभ्रत जाते, आणि माणसाचा केसच मुळी दोन-तीन थाउ जाडीचा असतो.

उपाय म्हणजे सिलिंडर मोठा करून त्यात मोठा पिस्टन घालायचा. पाव मिलिमीटरने, नाहीतर अर्ध्याने. कोणता पिस्टन बाजारात मिळतो ते आधी बघायचं आणि मग बोअर करायचं. हा क्रम उलटा करणाऱ्यांचे ब्लॉक कित्येक गॅरेजांच्या मागच्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी उभे आहेत. बोअर झाल्यावर होनिंग, म्हणजे आरशासारख्या भिंतीवर एकमेकांना छेद देणारे बारीक ओरखडे. त्यात ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा त्यावर घासून बसतात. "आधी पैसे देऊन गुळगुळीत केलं, आता पैसे देऊन ओरखडे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय आजवर एकही मालक बोअरिंगच्या दुकानातून बाहेर पडलेला नाही.

क्रँकचं उलटं. तो घासून बारीक करायचा आणि बेरिंग जाड घ्यायचं. घासल्यावर त्याच्या पोटातली ऑइलची भोकं वायर ब्रशने, डिझेलने आणि हवेने साफ करायची, कारण ग्राइंडिंगचा एक कण आत राहिला तर पहिल्या दहा मिनिटांत नव्या बेरिंगचं जुनं बेरिंग होतं. हे काम दिसत नाही, म्हणून ते करायचा कंटाळा येतो; आणि ज्याने ते केलं नाही तो इंजिन बसल्यावर 'कंपनीचं बेरिंग हलकं निघालं' म्हणतो. बांधणीला बसलेला चांगला मिस्त्री अशा वेळी बघ्यांना चहाला पिटाळतो. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, तिन्ही १२० अंशांवर फिरवायची. कॅप ज्या नंबरची त्याच जागी. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने. टॉर्क पाना पेटीत असतो. तरीही 'हाताचा अंदाज' नावाचं जुनं उपकरण गॅरेजात अजून वापरात आहे, आणि ते कधीही कॅलिब्रेट केलेलं नसतं.

इथवर सगळं इंजिन एकटं होतं. खरा तमाशा ते दुसऱ्याच्या घरात नांदायला जातं तेव्हा.

पश्चिम महाराष्ट्रात या लग्नाची सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे महिंद्राची जीप आणि बजाज टेम्पोचं इंजिन. जुन्या पेट्रोल जीपची तहान कुठल्याच बागायतदाराला झेपणारी नव्हती. दुसरीकडे मॅटाडोर आणि ट्रॅक्स जिकडेतिकडे भंगारात निघत होत्या, आणि त्यांच्यातलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन हे मर्सिडीजचं ओएम ६१६, परवाना घेऊन इथे बनवलेलं. परदेशात ज्या इंजिनावर मर्सिडीज २४० डी पळायची तेच इथे मॅटाडोरमधून भाजी वाहत होतं. ते काढून जीपमध्ये घातलं की मालक चारचौघांत 'आपल्याकडे मर्सिडीज आहे' असं सांगायला मोकळा, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नाही.

पण इंजिन टेम्पोचं आणि गिअरबॉक्स जीपचा. दोघांची बोल्टची भोकं जुळत नाहीत. मग लेथवाला जाड पाट्याची अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवतो. भोकं पाडणं सोपं, मध्य साधणं कठीण. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य काही थाउंच्या आत एका रेषेत आला नाही तर क्लच थरथरतो आणि पायलट बेरिंग महिन्या-दोन महिन्यांत भुगा होतं. मग फाउंडेशन वेल्ड करायची. मग लक्षात येतं की सम्प पुढच्या डिफरन्शियलला टेकतोय. सम्प कापून उथळ केला तर ऑइल कमी बसतं. इंजिन वर उचललं तर बॉनेट बसत नाही. पुढे सरकवलं तर पंखा रेडिएटरमध्ये जातो. शेवटी रेडिएटर पुढे जातो, बॉनेटला फुगवटा येतो आणि वजनाने पुढचे पाटे बसले म्हणून त्यात एक पाटा वाढवला जातो. यार्डात इंजिन स्वस्तात मिळालं हे वाक्य इथून पुढे घरात कुणी उच्चारत नाही.

आणि मग सुरू करायचा दिवस. नारळ, लिंबू, उदबत्ती. पाइपातली हवा काढायला मिस्त्री नट ढिला करून हातपंप मारतो, फेस जातो, स्वच्छ डिझेल येतं. सेल्फ, एक आचका, पांढरा धूर, आणि ठाक-ठाक-ठाक करत इंजिन जिवंत होतं. टाळ्या. पेढे. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "आता बंद करा." इथे गडबड होते. जुनं डिझेल इंजिन चावी काढल्याने थांबत नाही. त्याचं डिझेल तोडायला स्टॉपची वायर ओढावी लागते, आणि ती वायर अजून पेटीतच असते. सुरू कसं होईल याची चिंता पंधरा जणांनी वाहिलेली, थांबेल कसं याचा विचार एकानेही केलेला नाही. शेवटी मिस्त्री ब्रेक दाबून चौथ्या गिअरवर क्लच सोडतो; गाडी एक आचका देऊन गप्प होते आणि नवीन फाउंडेशनची पहिली परीक्षा तिथेच होते.

नव्या जमान्याच्या इंजिनांची अडचण याच्या बरोबर उलटी आहे. रांजणगावचं ते १२४८ सीसीचं इंजिन बांधून, बसवून, हवा काढून तयार ठेवा. ते सुरूच होणार नाही. चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, यांची एकमेकांशी ओळख असावी लागते. म्हणून जाणकार नुसतं इंजिन घेत नाही. वायरिंग, ईसीएम, मीटर, चावी, पेडलसकट सगळा गोतावळा उचलतो. थाउमध्ये आयुष्य काढलेला मिस्त्री अशा वेळी बाजूला बसतो आणि लॅपटॉप घेऊन आलेला विशीतला पोरगा डॅशबोर्डखाली डोकं घालतो. "काय झालंय?" "कम्युनिकेशन होईना, तात्या." घराघरांतली तक्रार इंजिनापर्यंत आली म्हणायची.

यापुढे रस्ता बारामतीच्या आरटीओ कचेरीकडे जातो. एमएच-४२. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम म्हणतं की आरसी बुकातला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. तसल्याच जातीचं इंजिन बदललं असेल तर चौदा दिवसांत कळवायचं. मग इंजिन नंबर, मूळ गाडीचे कागद आणि खरेदीचं बिल मागतात. बिल! पिस्टन मिळतो, बेरिंग मिळतं, न मिळणारा सुटा भाग तो हाच. डॉक्टरचं पूर्ण चरित्र तोंडपाठ असलेल्या यार्डवाल्याला डॉक्टरचं नाव मात्र कागदावर लिहिता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत या कलमाचा अर्थ अधिक कडक लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असा भाव ठरवला. जीपमध्ये मर्सिडीज, उथळ सम्प, सरकलेला रेडिएटर, फुगलेलं बॉनेट. कोणता बदल धरायचा आणि कोणता सोडायचा, ही मोजदाद मालक मनातल्या मनात करतो आणि गाडी शेताच्या बांधापर्यंतच न्यायची असं ठरवतो.

अशा जुगाडाचं सगळ्यात सुखान्त उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली. खर्च साधारण साठ हजार, स्टिअरिंग डाव्या हाताला आणि सुरू करायची दुचाकीसारखी किक मारून. २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ बघितला, कौतुक केलं, नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत बोलेरो आली. त्यानंतर बारामती-इंदापुरातल्या कित्येक गॅरेजवाल्यांनी आपल्या कामाचे व्हिडिओ काढून ठेवले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

बाकी इंजिनांच्या नशिबी बोलेरो नसते. कुणी तीनचाकीचं एक सिलिंडरचं डिझेल पंपाला जुंपतं. ट्रकची जुनी इंजिनं उजनीच्या फुगवट्यात वाळूचोरांच्या बोटींवर चढतात, आणि महसूल खात्याचं पथक आलं की बोट, इंजिन आणि नुकतीच घातलेली रिंगांची जोडी हे सगळं जिलेटिनने एकदम वर जातं. इतक्या जोराचं कॉम्प्रेशन त्या इंजिनाला आयुष्यात मिळालेलं नसतं.

यातला सगळ्यात मजेचा भाग पुन्हा कायद्यातच आहे. दुसरं इंजिन बसवायला ५२वं कलम आडवं येतं. पण मान्यताप्राप्त किट वापरून गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर चालवायची असेल तर तेच कलम वाट करून देतं. म्हणजे इंजिन बदलायची चोरी, पण मुळासकट उपटून जागी मोटर बसवायला हरकत नाही. अशा किट तपासणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच, टेकडीवर आहे. हे सगळं एका उत्साही पुतण्याने गॅरेजात समजावून सांगितलं: ऑइल नाही, रिंगा नाहीत, धूर नाही, टॅपेट नाहीत, आवाजही नाही. मिस्त्रीने हात पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "चांगलंय की," तो म्हणाला, "मग हे उतरवल्यावर किलोवर देणार का नगावर?"